तिसरा स्तंभ कोरा का राहतो

एखाद्या बँडच्या ध्वनिमुद्रिकांची सूची करायची तर साधारणपणे तीन स्तंभ आखले जातात : वर्ष, नाव आणि विक्रीयादीतला क्रमांक. मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या हेवी मेटल बँडची सूची अशी करू गेल्यास पहिले दोन स्तंभ भरतात. 2000 मध्ये ‘डेमनस्टीलर’, 2005 मध्ये ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, 2010 मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’, 2014 मध्ये ‘द डीमन किंग’ आणि 2017 मध्ये ‘दशावतार’. शिवाय 2007 ची ‘बियाँड द डार्कनेस’ ही छोटी ध्वनिमुद्रिका. तिसरा स्तंभ मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. प्रस्तुत लेखाचा विषय हा कोरा स्तंभ आहे, कारण मराठी साहित्याच्या अभ्यासकाला त्याची ओळख जुनीच आहे.

आधी यादी म्हणजे काय ते पाहू. ब्रिटनमध्ये पहिली विक्रीयादी नोव्हेंबर 1952 मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने छापली. ती तयार करण्याची पद्धत अशी, की कचेरीतून वीसेक दुकानांना दूरध्वनी करायचे, कोणत्या तबकड्या अधिक खपल्या ते विचारायचे आणि आलेल्या उत्तरांची बेरीज मांडायची. त्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर 1952 मध्ये, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लवकरच तिथेही गाण्यांना ‘पायदान’ मिळू लागली. तिचा आधार होता तबकड्यांच्या दुकानांतली विक्री आणि श्रोत्यांची पत्रे. आपल्या दृष्टीने यातली गंमत अशी, की आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची हकालपट्टी करणारे नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ होते. शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी त्यांनी जे दार बंद केले, त्यामुळेच हिंदुस्थानी श्रोत्यांची पहिली मोठी क्रमवारी कोलंबोत लोकप्रिय झाली. असो.

यादी लोकांची आवड मोजते असे आपण धरून चालतो. वास्तविक ती मोजणाऱ्याच्या साधनाइतकेच पाहू शकते. याचा ठळक पुरावा हेवी मेटलच्याच इतिहासात सापडतो. मे 1991 पर्यंत अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ची अल्बमयादी दुकानदारांनी तोंडी सांगितलेल्या क्रमांवर उभी होती. दुकानदार स्वतःच्या अभिरुचीप्रमाणे, गिऱ्हाइकांविषयीच्या समजुतीप्रमाणे आणि कधी कंपन्यांच्या मर्जीप्रमाणेही सांगत असत. त्या महिन्यापासून गल्ल्यावर यंत्राने नोंदलेली विक्री ग्राह्य धरली जाऊ लागली आणि मोजक्याच आठवड्यांत ‘स्किड रो’ची ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरली. ऑगस्टमध्ये ‘मेटालिका’ची काळ्या वेष्टनाची, बँडचेच नाव धारण करणारी ध्वनिमुद्रिका आली आणि तीही तशीच पहिली ठरली. एका उन्हाळ्यात अमेरिकेची आवड बदलली नव्हती. लांब केसांची, काळ्या बनियनची ही मुले आधीही दुकानात येतच होती. फक्त त्यांची खरेदी सांगण्यासारखी कुणाला वाटत नव्हती.

इथे झाडीपट्टीच्या रंगभूमीची आठवण होणे अटळ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात, वडसा हे त्यांचे केंद्र आहे, तिकिटे काढून माणसे मंडपात बसतात, आणि पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतल्या नाट्यविषयक पानांवर या उलाढालीची रेघही कित्येक दशके उमटली नाही. 2023 मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ‘झाडीपट्टी म्हणजे नेमके कुठे?’ असे विचारणारे नाट्यप्रेमी निघाले. प्रेक्षक होते, गल्ला होता, स्तंभ मात्र कोरा.

एवढ्यावरून कोऱ्या स्तंभाचा गौरव करण्याची घाई नको. आपल्याकडे लघुनियतकालिकांच्या चळवळीनंतर असा एक समज पसरला, की जे खपत नाही ते आपोआप श्रेष्ठ. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने 1977 मध्ये काढलेला ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह थोर आहे तो त्यातल्या कवितांमुळे. छोट्या प्रकाशनाने काढला म्हणून नव्हे. त्याच काळातल्या कितीतरी चक्रमुद्रित अंकांत वाचण्याजोगे काही नव्हते, हेही कधीतरी म्हटले पाहिजे. शिवाय यादी समीक्षेच्या पुढे असल्याचीही उदाहरणे आहेत. ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी 1970 मध्ये आली तेव्हा जाणत्या समीक्षकांनी तिला झिडकारले. ब्रिटिश यादीत मात्र ती आठव्या स्थानापर्यंत पोहोचली आणि त्याच वर्षीची ‘पॅरनॉइड’ पहिली आली. हे लोक बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतले. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली होती. त्याने टोपणे घालून आणि तारा सैल करून वाजवायला सुरुवात केली, आणि त्या जड, खालच्या पट्टीतल्या आवाजात या अपघाताचा वाटा आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून पोलादासाठी लागणारे मँगनीज ज्या तालुक्यातून निघते, त्या तुमसरच्या वाचकाला ‘मेटल’ हा शब्द इतका परका वाटण्याचे खरे तर कारण नाही. मुद्दा एवढाच, की त्या कामगार श्रोत्यांना जे ऐकू आले ते समीक्षकांना ऐकू यायला वर्षे लागली.

म्हणजे क्रमांक असणे हा दोष नाही आणि नसणे हा गुण नाही. मग ‘डेमॉनिक रिझरेक्शन’च्या कोऱ्या स्तंभाचे काय करायचे?

प्रथम तो कोरा का, हे समजून घ्यावे. हा बँड साहिल मखिजा याने 2000 मध्ये उभा केला, तेव्हा इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडच्या अल्बमांची सर्वमान्य विक्रीयादी आपल्याकडे नव्हती. पुढेही झाली नाही. मोठ्या कंपन्यांना चित्रपटसंगीत पुरेसे होते. म्हणून मखिजाने ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ या नावाने स्वतःच प्रकाशन सुरू केले आणि आपल्याबरोबर इतरांच्याही ध्वनिमुद्रिका काढल्या. त्याआधी 1993 पासून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक निघत होते, तेही मुंबईहून नव्हे तर अलाहाबादहून. ‘रंगभवन’मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’चे मेळावे भरत, ते शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथून हलले. स्वतःचे प्रकाशन, लांबच्या गावातले मासिक, जागेसाठी वणवण : साठोत्तरी साहित्याच्या विद्यार्थ्याने ही तीन वाक्ये वाचली तर त्याला वेगळे भाष्य लागू नये. 2010 मध्ये ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने ‘द रिटर्न टू डार्कनेस’ परदेशात वितरित केली, आणि ‘मेटल हॅमर’ या मासिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ सोहळ्यात त्याच वर्षी बँडला ‘ग्लोबल मेटल’ हा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ठीकच. पण ‘ग्लोबल’ या वेगळ्या खणात ठेवणे म्हणजे मुख्य पंगतीबाहेर पाट मांडणे, हे दलित साहित्याला ‘प्रवाह’ म्हणणाऱ्या आपल्या समीक्षेला कळायला हरकत नाही.

आता वाचनाकडे वळू. माझ्या मते या सूचीतली सर्वांत बांधेसूद कृती ‘द रिटर्न टू डार्कनेस’ आहे. पण सर्वांत चर्चा करण्याजोगी ‘दशावतार’. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे एक. बँडची शैली आधीपासूनच दुहेरी होती : एक घोगरा, गुरगुरणारा आवाज आणि एक मोकळा, सुरेल आवाज. गायकाने स्वतःसाठी घेतलेले नावही ‘डेमनस्टीलर’. म्हणजे राक्षसांचा निःपात करणाऱ्या दहा अवतारांची कथा इथे राक्षसाच्या गळ्यातून येते. कोकणातले दशावतारी नाटक ज्याने पाहिले आहे त्याला हे विचित्र वाटणार नाही. तिथेही आरंभी वेद पळवणारा संकासुरच अधिक रंगतो. देव येईपर्यंत रंगमंच त्याचा असतो. शिवाय नाव दशावतारी असले तरी दहाही अवतार तिथे दिसतातच असे नाही, आख्यान एखादेच लागते. लोकरंगभूमीने क्रम मोडून पात्राला मोकळे सोडले. ध्वनिमुद्रिकेने क्रम जसाच्या तसा पाळला. पंचांगावरच्या चित्रासारखी ही शिस्त कृतीला जड झाली आहे असे मला वाटते.

आणि त्या शिस्तीचा एक परिणाम केवळ सौंदर्याचा नाही. नववे गाणे बुद्धाचे आहे, उपशीर्षक ‘शिक्षक’. गाण्याचे शब्द काहीही असोत, क्रमातली जागा हाही एक अर्थ असतो, आणि विदर्भात बसून तो ऐकणाऱ्याला ती जागा निमूटपणे ओलांडता येत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्टपणे नाकारले आहे. 1954 मध्ये बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरले ती याच भंडारा मतदारसंघातून. इथल्या वर्गातले कितीतरी विद्यार्थी ती प्रतिज्ञा घरात ऐकत वाढलेले असतात. त्यांना ‘दशावतार’ ऐकवला तर पहिला प्रश्न नवव्या गाण्यावर येईल, आणि तो संगीताबाहेरचा प्रश्न म्हणून टाळता येणार नाही. वारकरी संतांनी विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हटले तेव्हा त्यांनी त्या जागेचा अर्थ बदलला होता. इथे तसा बदल क्रमात तरी दिसत नाही. जगभरच्या श्रोत्याला ‘भारतीय पुराण’ म्हणून ओळखता येईल असा संच तयार मिळाला आणि तो घेतला गेला.

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण कृती गंभीर आहे. अशा आक्षेपाला विक्रीयादीत जागा नसते. ‘दशावतार’ चाळिसाव्या क्रमांकावर असती किंवा चौथ्या, तरी नवव्या गाण्याविषयी तो आकडा मुकाच राहिला असता. अलीकडे दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने यूट्यूबवर श्रोते जमवले, 2019 मध्ये जर्मनीत ‘वाकेन’च्या महोत्सवात वाजवले आणि 2022 मध्ये ‘रक्षक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यांच्या प्रत्येक चित्रफितीखाली आकडा आहे, म्हणजे तिसरा स्तंभ आता आपोआप भरतो. त्या आकड्यांपलीकडे त्यांच्या हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी ओळी एकमेकींशी काय करतात यावर भारतीय भाषांत लिहिलेला निबंध मला अजून वाचायला मिळालेला नाही.

आपल्या विभागांत लोकप्रिय साहित्यावर लघुप्रबंध लिहिले जातात तेव्हा ‘या कादंबरीच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या’ हे वाक्य पहिल्या पानावर असते. आवृत्ती किती प्रतींची, हे सहसा विचारले जात नाही. पाचशेचीही आवृत्तीच आणि पाच हजारांचीही. वर्गात एकदा ‘दशावतार’ आणि एक दशावतारी आख्यान शेजारी ठेवून दोन तास घालवावेत, असे मी सुचवतो. संकासुराचा भाग मिळवणे थोडे कष्टाचे आहे, आणि पहिल्या गाण्याच्या वेळी शेजारच्या वर्गातून निरोप येईल, तेव्हा खिडक्या आधीच लावून घ्याव्यात.