मालवणचे अभयारण्य आणि रापणकराची खुर्ची

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी सुटते तेव्हा प्रवाशांच्या नजरा तटबंदीवर खिळलेल्या असतात. ते स्वाभाविकही आहे. १६६४ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली तो हा जलदुर्ग पाहताना ज्याचे मन भरून येत नाही असा मराठी माणूस विरळाच. परंतु त्या होडीतील किती जणांना हे ठाऊक असते, की आपण या क्षणी महाराष्ट्रातील पहिल्या सागरी अभयारण्यातून चाललो आहोत? १३ एप्रिल १९८७ रोजी राज्य शासनाने मालवणच्या समुद्राचा २९.१२२ चौरस किलोमीटरचा टापू अभयारण्य म्हणून घोषित केला. त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगडाचे बेट आणि आसपासची पाण्यात बुडालेली खडपे त्यात येतात. या खडपांवर प्रवाळ आहे.

या घोषणेला आता चार दशके होत आली. एवढ्या काळात एखादे झाड लावले असते तर त्याची सावली पडली असती. येथे मात्र अभयारण्य कागदावर राहिले आणि गावकऱ्यांच्या मनात त्याच्याविषयी अढी तेवढी बसली. मालवण परिसरातील मच्छीमारांनी प्रारंभापासून या अभयारण्याला विरोध केला. आमची बंदरे, आमच्या होड्या, आमच्या जाळ्यांच्या जागा या रेषेच्या आत घेताना आम्हाला विचारले कोणी, हा त्यांचा प्रश्न होता आणि आजही आहे. शासनाने मग तेच केले जे अशा वेळी आपल्याकडे नेहमी होते. अधिसूचना मागेही घेतली नाही आणि नेटाने राबवलीही नाही. दरम्यान १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तारकर्ली-मालवणात पर्यटकांची रीघ लागली, समुद्रतळ दाखवणारे व्यवसाय उभे राहिले. मच्छीमार आणि वन खाते एकमेकांकडे पाठ करून बसले असताना त्या प्रवाळाकडे पाहणारे कोणीच उरले नाही.

दोष केवळ कोण्या एका अधिकाऱ्याचा नाही. आपल्या वनप्रशासनाची घडण ब्रिटिशांच्या १८७८ च्या वन कायद्याच्या साच्यात झाली. रान सरकारचे, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरणारा माणूस हा घुसखोर, हे त्या कायद्याचे अंतःसूत्र होते. स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, भाषा बदलली. पण सवयी सहजासहजी बदलत नाहीत. त्यातही जंगलाला निदान कुंपण घालता येते. समुद्राला कसले कुंपण? मासा अधिसूचना वाचून पोहत नाही. भरतीबरोबर तो आत येतो, ओहोटीबरोबर बाहेर जातो, आणि त्याच्यामागे जाणारी होडीही रेषा ओलांडते. जंगलाची मोजपट्टी पाण्यावर ठेवली की असा घोटाळा होणारच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताच्या रक्षणाची पुरेशी व्यवस्था केली पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद त्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. म्हणजे मालवणची अधिसूचना निघाल्यानंतर चार वर्षांनी! पुढे २००२ च्या दुरुस्तीने ३३-ब हे कलम आले. प्रत्येक अभयारण्यासाठी राज्य शासनाने सल्लागार समिती नेमावी आणि तिने अभयारण्याच्या व्यवस्थापनाविषयी, तसेच परिसरातील लोकांच्या सहभागाविषयी सल्ला द्यावा, असे हे कलम सांगते. तत्त्व म्हणून ते स्वागतार्हच आहे. पण समितीत कोण असावे याची यादी वाचावी. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधी, स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, गृह खात्याचा एक आणि पशुवैद्यकाशी संबंधित खात्याचा एक प्रतिनिधी, मानद वन्यजीव रक्षक, आणि अभयारण्याचा प्रभारी अधिकारी.

समुद्राच्या अभयारण्याच्या समितीत गुरांच्या डॉक्टरांच्या खात्याला जागा आहे. मत्स्यव्यवसाय खात्याला नाही. मच्छीमाराला तर नाहीच.

यावर कोणी म्हणेल, पंचायतींचे तीन प्रतिनिधी आहेत की. त्यांत एखादा मच्छीमार येईल. येईलही. परंतु मालवण शहरात नगरपरिषद आहे, ग्रामपंचायत नाही. ज्या बंदराच्या दारात अभयारण्य आहे, त्या बंदरातील मच्छीमाराच्या नगरपरिषदेचा या यादीत उल्लेखच नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताडोबा किंवा मेळघाट असणार. त्यांना मालवणची बंदरजेटी दिसली नाही, याबद्दल त्यांच्यावर फार रागावण्यात अर्थ नाही. मात्र चूक लक्षात आल्यावरही ती तशीच ठेवणे हा अपराध ठरेल.

मच्छीमाराला सल्लागार समितीत बसवले तर तो स्वतःच्या पोटाचेच बोलेल, त्याचा सल्ला निष्पक्ष कसा असेल, असा आक्षेप सुशिक्षित वर्तुळात हमखास ऐकू येतो. आपल्या पोटाचे न बोलणारा कोण आहे? पर्यटन व्यावसायिक? खात्याची हद्द सांभाळणारा अधिकारी? प्रश्न हा आहे, की समुद्राविषयी बोलण्याजोगे ज्ञान त्याच्यापाशी आहे की नाही. ज्याने रापण ओढताना पाहिली आहे त्याला उत्तर सांगावे लागत नाही. होडी अर्धवर्तुळात जाळे टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसांच्या दोन रांगा ते ओढू लागतात. कोणत्या दिवशी, कोणत्या पाण्याला, कोणत्या वाऱ्यावर जाळे टाकायचे हे ठरवणाऱ्याने भरती-ओहोटीचे पंचांग तोंडपाठ केलेले असते. मासळी आली की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, दोर ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. यात कोणाची जागा कोठे, कोणाची पाळी केव्हा, भांडण झाले तर निवाडा कसा, याचे नियम रापण संघांनी स्वतः पाळले आणि पाळायला लावले. संसाधनाचे सामूहिक व्यवस्थापन असे जड नाव देऊन आज विद्यापीठांत जे शिकवले जाते, त्याची एक चालती शाळा गाबीत समाजाने आपल्याच किनाऱ्यावर चालवली आहे. पावसाळ्यात समुद्रात न जाता नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करूनच हंगाम उघडायचा, ही रीतही याच किनाऱ्याची. आज १ जून ते ३१ जुलै हा बंदीकाळ शासन आदेशाने ठरतो. त्याची जाण सरकारने शिकवलेली नव्हती.

पण परंपरेचे गुणगान करून थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. परंपरागत मच्छीमार म्हणून सारेच निर्दोष असे नव्हे. पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. दिव्यांच्या झगमगाटाने मासळी गोळा करणारी एलईडी मासेमारी केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंद केली. हे आदेश मोडणारे काही मलपीच्या ट्रॉलरवरून येतात हे खरे. पण आपल्याच बंदरांतून निघणारेही आहेत, आणि त्यांची नावे गावाला ठाऊक असतात. लहान मच्छीमाराचे वैर या लुटीशी आहे, अभयारण्याचेही वैर तिच्याशीच असायला हवे. शत्रू समान असताना दोघे परस्परांशी भांडत बसले आहेत, हे मालवणचे खरे दुर्दैव.

दोघांचे सख्य होऊ शकते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अजस्र, पण निरुपद्रवी माशाची वर्षानुवर्षे शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. तेवढ्याने समुद्रावर काही बदलले नसते. २००४ मध्ये गुजरात वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम हाती घेतली आणि मोरारीबापूंनी मच्छीमारांना एकच गोष्ट सांगितली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. लेकीला कोणी मारते काय? किनाऱ्याला ते पटले. पकडणारे हातच सोडवणारे झाले. महाग जाळे स्वतःच्या हाताने कापून मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले आणि शासनानेही कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊन त्यांचा मान राखला. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून हा मार्ग धरला. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून छायाचित्र पुरते. येथे वन खात्याने मच्छीमारावर विश्वास टाकला आणि तो अनाठायी ठरला नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण गावकऱ्यांच्या हाती सोपवले, तेव्हाही हेच घडले होते. वेंगुर्ल्याच्या खाडीत कांदळवनाची सफर घडवणाऱ्या स्वामिनी बचत गटाच्या महिलांविषयीही असेच म्हणता येईल.

या साऱ्यात नवे काही नाही, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो आदेश आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. आंबा-फणसाची झाडे आरमाराच्या कामाची खरी, पण त्यांना हात लावू नये. रयतेने ती लेकरांसारखी वाढवली आहेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आरमार ही स्वराज्याची निकड होती. तरीही झाडाच्या धन्याची संमती वगळली गेली नाही. प्रवाळाचे रक्षण हीदेखील निकडच आहे. मग मालवणच्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या होडी घालणाऱ्याला राजी करण्याचे काम अनावश्यक कसे ठरते?

ज्यांना परदेशाचे प्रमाण लागते त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाचा दाखला आहे. तेथील ग्रेट बॅरियर रीफ या विशाल प्रवाळक्षेत्राच्या प्राधिकरणाने १९९९ पासून किनाऱ्यावर ठिकठिकाणी स्थानिक सागरी सल्लागार समित्या उभ्या केल्या. मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक, शेतकरी, मूळ रहिवासी एकाच टेबलाभोवती बसले. २००४ मध्ये मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते ते तेहतीस टक्क्यांवर नेण्यात आले. त्याआधी ३१ हजारांहून अधिक लेखी निवेदने आली आणि मूळ आराखड्यातील अनेक सीमा त्यामुळे बदलल्या. बाधित मच्छीमारांसाठी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम खर्च झाली. तरी सारे मच्छीमार संतुष्ट झाले नाहीत. पण विचारलेच नाही, असे म्हणायला कोणाला जागा उरली नाही.

आपल्याकडे एवढा पैसा नाही, हे मान्य. पण मच्छीमाराला विचारायला पैसा लागत नाही. कायदादुरुस्तीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. समितीने आपली कार्यपद्धती स्वतःच ठरवावी, असे ३३-ब कलमच म्हणते. तेव्हा रापण संघ, लहान होड्यांवरचे मच्छीमार, मासळी विकणाऱ्या महिला, किल्ल्याची प्रवासी वाहतूक करणारे होडीवाले, मालवण नगरपरिषद आणि मत्स्यव्यवसाय खाते यांना कायम निमंत्रित म्हणून बसवण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. बैठक मालवणातच व्हावी, कारभार मराठीत चालावा, इतिवृत्त बंदराच्या फलकावर लागावे. आणि समितीचा सल्ला नाकारायचा असेल तर का नाकारला हे खात्याने लेखी कळवावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सल्ला मागायचा आणि तो बासनात गुंडाळायचा, ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे. अशा समितीपेक्षा समिती नसलेली बरी. निदान फसवणूक तरी होत नाही.

मच्छीमार बांधवांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. खुर्ची मिळाली तर ती केवळ नकार देण्यासाठी नव्हे. प्रवाळ हे लहान माशांचे पाळणाघर आहे. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ रंग टाकून पांढरे पडते, आणि ताप लांबला तर मरते. २०२३ पासून जगभरच्या समुद्रांत हे संकट मोठ्या प्रमाणावर आले. समुद्राचे तापमान मालवणच्या समितीच्या हाती नाही. पण त्या खडपांवर पडणारे नांगर, पर्यटकांचे पाय आणि अडकून राहिलेल्या जाळ्यांचे तुकडे तिच्या हाती आहेत. आधीच तापाने खचलेल्या जिवाला हा मार सोसत नाही.

किनाऱ्यावर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. रापण संघाच्या मंडळींशी बसून कलम ३३-ब मराठीत वाचून दाखवावे, त्यांच्या मागण्या लेखी करून द्याव्यात, आणि अधिकारी व मच्छीमार एकाच चटईवर बसतील असा एक दिवस घडवून आणावा. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी मालवणला सुरमईवर ताव मारण्याआधी होडीवाल्याला एवढे जरी विचारले, की नांगर कोठे टाकणार, तरी ते कामी येईल. १ जूनला होड्या किनाऱ्यावर येतात आणि दोन महिने मच्छीमार घरी असतो. समितीची बैठक याच दिवसांत बोलवावी. विषयपत्रिकेवर पहिला विषय गाभा क्षेत्रातील नांगरांचा ठेवावा. प्रवासी होड्या बांधण्यासाठी तेथे कायमचे बोये कोठे बसवायचे, हे त्या खडपांची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसांना विचारूनच ठरवावे.