हिवाळ्यातला वाटाणा, उन्हाळ्यातली भाजी

मुलांनो, वाटाणा म्हणजे आपल्या घरातला मटर. हिवाळ्यात धामणगावच्या बाजारात त्याच्या हिरव्यागार शेंगांचे ढीग लागतात आणि भाव उतरतो. उन्हाळ्यात तीच शेंग दिसेनाशी होते. दिसली तरी परवडत नाही. म्हणून स्वस्ताईच्या दिवसांत वाटाणा साठवावा, हे सर्वांनाच पटते. प्रश्न असा, की तो साठवावा कसा?

पुष्कळ जण म्हणतात, "फ्रीज असताना वाळवणाची कटकट कशाला?" मला हे पटत नाही. गोठवलेला वाटाणा महिनोन्‌महिने टिकायला उणे १८ अंश तापमान सतत लागते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा अनेकदा ४४ अंशांपर्यंत चढतो. अशा वेळी तासन्‌तास वीज गेली, तर दाणे वितळतात, मऊ पडतात आणि खराब होतात. शिवाय फ्रीज प्रत्येक घरी नसतो. ऊन मात्र सर्वांना फुकट मिळते.

वाळवण्याची रीत सोपी आहे. शेंग तोडल्यावर दाण्यातील साखरेचे पिष्ट होऊ लागते व गोडी घटते. म्हणून शेंगा आणल्या त्याच दिवशी सोलाव्यात. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात टाकावेत. त्यामुळे रंग आणि चव टिकते. मग ते निथळून स्वच्छ कापडावर उन्हात पसरावेत, वर मलमल झाकावी व रात्री घरात घ्यावेत. दाणे खडखड वाजू लागले, की कोरड्या बरणीत भरावेत. ओलावा नसला, की जंतू वाढत नाहीत.

१८१० साली फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी अन्न बाटलीत बंद करून उकळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. परंतु वाटाण्यासाठी ती घरी करू नये. साध्या उकळण्याने न मरणारे काही जंतू बंद बाटलीत घातक विष तयार करतात.

वाळलेल्या वाटाण्याला ताज्याची चव येत नाही, हे खरे. तरी रात्रभर भिजवला, की तो पुलावाला आणि कीमा-मटरला छान लागतो.

आता कटकटीविषयी. वाळवणाचे काम ऊनच करते. कष्ट आहेत ते सोलण्याचे. बहुतेक घरी ते एकट्या अम्मीवर पडतात, म्हणून वाळवण नकोसे होते. अब्बा, भाऊ, बहिणी सगळे बसले, तर टोपली बघता बघता रिकामी होते. उन्हाळ्यात ज्याला पुलावात मटर हवा, त्याने हिवाळ्यात शेंगा सोलायला बसावे.