लोहाराचे पोर आणि विहिरीवरची मोटर



विजेच्या जोरावर तार गोल फिरते, हे १८२१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने दाखवले. तुमच्या विहिरीवरची मोटर तिथूनच आली. बाप लोहार, शाळा लिहिण्यावाचण्यापुरती, चौदाव्या वर्षी पोर पुस्तकबांधणीच्या दुकानात. १८१० मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी संध्याकाळच्या व्याख्यानांना जाऊ लागला. प्रवेश एक शिलिंग. तो थोरल्या भावाने दिला, तोही लोहारच. जमणारे बहुतेक हौशी. ऐकायचे, टिपायचे, वाद घालायचे, घरी करून पाहायचे. पुढे अर्ध्या पेनीची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद रचून त्याने बॅटरी केली.

मी कृषी पदवीधर. कॉलेजात उत्तरे पाठ केली. प्रश्न विचारायला शिकलो तुमच्या धुऱ्यावर.

मागच्या बैठकीत एका पोराने विचारले, दाब कमी असताना मोटर का जळते? आम्ही मोठ्यांनी त्याला गप्प बसवले. उत्तर साधे होते: दाब पडला की तेवढेच पाणी उपसायला मोटर जास्त प्रवाह ओढते, वेढे तापतात. पुढच्या बैठकीला पोरेपोरी आणा. रिवाइंडिंगवाल्याला मी बोलावतो. शिलिंग संघटनेचा.