अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आत

मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी तयार होते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, आत वळतात आणि बाविसाव्या दिवसाच्या सुमारास मानेपाशी एकमेकींना चिकटतात. करंजी मधोमध दाबून मग दोन्ही टोकांकडे मिटत न्यावी, तसे हे मिटणे पुढे सरकते. डोक्याकडचे तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास बंद होते, खालचे अठ्ठाविसाव्यापर्यंत. मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ते याच नळीतून. वरचे तोंड उघडे राहिले तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी तयार होत नाही, ते बाळ जगत नाही. खालचे राहिले तर मणका दुभंगलेला राहतो: पाय लुळे, लघवीवर ताबा नाही, अनेकदा डोक्यात पाणी साठते. हे सारे ठरते तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो.

आता हिशेब पाहा. पाळी चुकते तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा असतो, म्हणजे हातात उरतात आणखी दोन. आशाताईंकडे नोंद आणि फॉलिक ॲसिडची गोळी हे सगळे पहिल्या तीन महिन्यांत झाले, तरी आपण ते वेळेवर झाले म्हणतो. नळीच्या दृष्टीने मात्र बहुतेकदा उशीर झालेला असतो. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 1991 सालच्या चाचणीत, आधीच्या गर्भात हा दोष आढळलेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्यावर तो पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले. पण तिथे गोळी गर्भ राहण्याआधीच सुरू झाली होती. आपल्याकडे किती गर्भधारणा अशा आखून होतात? म्हणून हे जीवनसत्त्व रोजच्या ताटातूनच जायला हवे.

तुमच्या 2018च्या मानकांनी ते तांदळात आणि कणकेत घालायची सोय केली, याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्रा मात्र किलोमागे 75 ते 125 मायक्रोग्रॅम. दिवसाला 300 ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या स्त्रीला त्यातून 40 मायक्रोग्रॅमही मिळत नाही. गर्भधारणेच्या वयात सल्ला आहे 400 मायक्रोग्रॅमचा. अमेरिकेने 1998पासून सक्तीने घातलेले प्रमाण किलोमागे 1400 आहे. शिवाय जिच्या घरी ज्वारीची भाकरी होते, किंवा जी गहू गिरणीतून दळून आणते, तिच्यापर्यंत पाकिटातली कणीक पोहोचणार कशी? मीठ पोहोचते. कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956मध्ये सुरू केलेल्या प्रयोगाने आयोडीनयुक्त मिठाचा मार्ग दाखवून दिला, आणि तो आपण स्वीकारलाही. दक्षिण भारतातल्या चार खेड्यांत त्याच मिठात फॉलिक ॲसिड घालून, दिवसाला सुमारे 300 मायक्रोग्रॅम पोटात जाईल असे पाहिले, तेव्हा चार महिन्यांत स्त्रियांच्या रक्तातले फोलेट तिपटीहून अधिक वाढले. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप पुण्यातून आला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात, ब-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध सर्वाधिक आढळला. फॉलिक ॲसिडने रक्तक्षय झाकला जातो आणि ब-12च्या अभावी नसांची हानी आत चालूच राहते, हेही खरे. शाकाहारी घरांच्या या देशात हे झटकून टाकता येणार नाही. पण त्यातून निघते ते एवढेच, की ब-12 सोबत द्या. फोलेट रोखून ठेवा असे निघत नाही. जास्त मीठ खाणाऱ्याचे काय, असेही विचारले जाते. वरच्या हिशेबाने दुप्पट मीठ खाणारा 600वर जाईल; प्रौढांसाठी वरची मर्यादा 1000 आहे. जन्मदोष शेकडो प्रकारचे असतात, हाही मुद्दा मान्य. डाउन सिंड्रोम गुणसूत्रांतून येतो, रुबेला विषाणूतून येणारे दोष वेगळे, थॅलिडोमाइडने केलेले वेगळे, आणि कितीतरी दोषांचे कारण आजही सापडत नाही. त्यातला हा एक बऱ्याच अंशी टळण्याजोगा आहे, म्हणून तर आग्रह. कारण ठाऊक नसले की घरोघरी दोष बाईच्या माथी येतो, ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली म्हणून.

मागणी नेमकी आहे. मिठाच्या मानकात आज आयोडीन आणि लोह आहे. त्यात फॉलिक ॲसिडची मात्रा ठरवावी, ब-12 कशातून द्यायचे हे त्याच बैठकीत पाहावे, आणि तांदूळ-कणकेतले प्रमाण 75 ते 125वरच का ठेवले, त्यामागचा हिशेब लोकांसमोर मांडावा.

आपला,
एक मराठी लेखक