कारकुनाला सक्ती, ऑडिटरला मोकळीक?

नांदेड-लातूरच्या एमआयडीसीत कंपनी बंद पडली की कामगार आमच्याकडे येतात. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी कोण देणार? कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर आम्ही त्यांना दाव्याचा 'फॉर्म डी' भरायला बसवतो. आणि गाडी अडते ती कागदांवर. हजेरीपट, पगारपत्रक कुठे? अनेकदा बाहेरच्या सीएच्या कपाटात!

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १९ ने कंपनीचा नोकरवर्ग, प्रवर्तक आणि व्यवस्थापनाशी संबंधित व्यक्ती यांच्यावर रिझोल्यूशन प्रोफेशनलला सहकार्य करण्याची सक्ती केली. नाही केले तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जाते. या नोकरवर्गात संचालकाबरोबर तुटपुंज्या पगारावरचा कारकूनही येतो. बाहेरून फी घेणाऱ्या ऑडिटरचे, सल्लागाराचे नाव मात्र त्या कलमाने घेतले नाही. ऑडिटरकडचे कंपनीचे दफ्तर पाहण्याचा अधिकार कलम १७ देते. पण दफ्तर मिळाले म्हणजे खुलासा मिळतोच असे नाही.

कोणी म्हणेल, ऑडिटर काय कंपनीचा नोकर आहे? नाही. अशिलाची गोष्ट वकिलाच्या पोटातच राहावी, हेही आम्हाला मान्य आहे. उद्या वकील आम्हालाही लागेल. पण अशिलाचे गुपित वेगळे आणि कामगाराचा हजेरीपट वेगळा.

आयएल अँड एफएस प्रकरण आठवा. केंद्र सरकारने कंपनी कायद्याच्या कलम १४०(५) खाली ऑडिटर संस्थांवर कारवाई मागितली. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ३ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: राजीनामा दिला म्हणून ऑडिटर सुटत नाही. म्हणजे दार आहे, पण दुसऱ्या कायद्यात. तेही सरकारने ठोठावले. आमच्या कामगाराने मुंबईचे भाडे कुठून आणायचे?

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. ज्ञान आणि कागद कोंडून ठेवणे ही दोघांचीही जुनी सवय!

म्हणून आमची मागणी साधी आहे. कंपनीचे कागद कोणाकडेही असोत, ठरलेल्या मुदतीत ते देण्याची सक्ती सर्वांना सारखी हवी.

तोवर तरुणांनो, वस्तीतल्या प्रत्येक कामगाराची पगारचिठ्ठी, यूएएन, पासबुक यांच्या प्रती आजच काढून ठेवा. जाहीर सूचना निघताच मुदतीत दावा लावा. एकजुटीने प्रतिनिधीमार्फत लावायचा तर 'फॉर्म ई' आहे. आपला कागद आपल्या हातात असला तर कोणाच्या कपाटापुढे हात जोडावे लागणार नाहीत.

जय भीम!