भिंतीत विसरलेली तार

घरातील एखादी सोय नीट चालेनाशी झाली, की तिचा दोष बाहेर शोधण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. ब्रॉडबँडच्या बाबतीत तर हे विशेषच दिसून येते. मुलाच्या परीक्षेचे पान अर्ध्यावर अडकले, परदेशी असलेल्या लेकीचा चेहरा बोलता बोलता पडद्यावर गोठला, निवृत्तिवेतनाचा अर्ज भरताना चक्र नुसते फिरत राहिले, की आपण दूरध्वनी केंद्राला बोल लावतो आणि अखेरीस कंटाळून अधिक दराची योजना घेतो. खर्च वाढतो, वेग मात्र होता तिथेच राहतो. कारण पुष्कळदा दोष रस्त्यावर नसतोच. तो आपल्याच भिंतीवरून गेलेल्या एखाद्या जुन्या तारेत असतो.

म्हैसूरच्या वाचकांना याचे महत्त्व अधिक पटेल. १९५० साली सुरू झालेली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था, १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्था आणि अलीकडचे संगणक-उद्योग यांच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील माणसे या शहरात आली; त्यांत मराठी मंडळीही आहेत. त्यांचे आप्त पुण्यात, नागपुरात, नाही तर सातासमुद्रांपलीकडे. तेव्हा दूरच्या माणसाशी बोलण्याचे साधन ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हे, गरज आहे. लक्ष्मीपुरम, सरस्वतीपुरम यांसारख्या जुन्या वस्त्यांतील घरात टेलिफोन आला तो पुढच्या बैठकीत. पुढे वडीलधाऱ्यांसाठी एक उपकरण त्यांच्या खोलीत गेले, एक माडीवर गेले, आणि प्रत्येक वेळी जुन्या तारेला नवी तार पिळून वर काळी पट्टी गुंडाळण्यात आली. बोलण्यापुरते ते काम उत्तम झाले. परंतु जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने ‘डेटावन’ ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली आणि त्याच तारेवर एक निराळेच ओझे येऊन पडले.

एका तारेवर दोन प्रवासी

माणसाचा आवाज टेलिफोनवरून जातो तो सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपने एवढ्या पट्ट्यात. ब्रॉडबँडचे संकेत त्याच तांब्याच्या जोडतारेवरून जातात, पण त्यांची कंपने सेकंदाला सुमारे २५ हजारांपासून ११ लाखांपर्यंत, आणि सुधारलेल्या पद्धतीत २२ लाखांपर्यंत असतात. त्यामुळेच फोनवर बोलणे आणि इंटरनेट ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात. मात्र जी तार आवाज सुखरूप पोहोचवते, ती एवढी जलद कंपने सुखरूप पोहोचवीलच असे नाही. घरातील जोडण्या त्यांच्या वाटेत तीन प्रकारे आडव्या येतात.

पहिली अडचण खुद्द टेलिफोनच्या उपकरणांची. प्रत्येक उपकरण तारेवर थोडा भार टाकते, आणि रिसीव्हर उचलताच हा भार एकाएकी बदलतो. फोन वाजला किंवा उचलला की इंटरनेट तुटते, असे ज्या घरी घडते तेथे ही खूण अचूक समजावी.

दुसरी अडचण वापरात नसलेल्या फाट्यांची. माडीवरचा फोन कधीच काढून टाकला. तार मात्र भिंतीवर तशीच राहिली. तिचे टोक मोकळे असल्यामुळे तिच्यात शिरलेली लहर टोकाशी आपटून परत येते आणि मूळ संकेताला छेद देते. तारेतून लहर सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर धावते असे धरले, तर ५० मीटर लांबीचा मोकळा फाटा बरोबर १० लाख कंपनांच्या आसपासचा भाग गिळतो, आणि ३० मीटरचा फाटा सुमारे १७ लाखांच्या आसपासचा. हे दोन्ही भाग ब्रॉडबँडच्या उपयोगाचे. ज्या तारेला काहीही जोडलेले नाही, तीच अशा रीतीने नुकसान करीत असते.

तिसरी अडचण तारेच्या जातीची. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या असता बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच पडतो आणि परस्पर नाहीसा होतो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ सालीच पेटंट करून ठेवली होती. घरातील वाढीव जोडणीला पुष्कळदा पीळ नसलेली चपटी तार वापरलेली असते, आणि तीही विजेच्या तारांना चिकटून, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर, दिवे यांच्या शेजारून गेलेली. हा सारा गोंगाट ती आपल्या अंगावर घेते.

परीक्षा कशी घ्यावी

दोष घरात आहे की बाहेर, हे ठरविण्यास खर्च काहीच नाही. रस्त्यावरची तार घरात शिरून ज्या पहिल्या पेटीत येते, तिला रोझेट म्हणतात. तेथून पुढे गेलेल्या सर्व तारा सोडवाव्यात आणि केवळ मोडेम, आखूड तारेने, त्या पहिल्या पेटीला जोडावा. सोडवण्यापूर्वी कोणती तार कोठे होती, हे कागदावर टिपून ठेवावे. मग मोडेमच्या माहितीच्या पानावर तीन आकडे पाहावेत: जोडणीचा वेग, संकेताचे क्षीणन, आणि गोंगाटापासूनचे अंतर, ज्याला नॉइज मार्जिन म्हणतात. हे अंतर ६ डेसिबलच्या खाली गेले, की जोडणी वारंवार तुटण्याचा संभव असतो.

हे आकडे पूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. वेग स्पष्टपणे वाढला असेल, तर दोष घरातला. मग एकेक तार पुन्हा जोडत जावे; जिच्या जोडणीसरशी आकडे घसरतील, ती दोषी. आकडे मुळीच बदलले नाहीत, तर मात्र दोष घराबाहेरचा किंवा अंतराचा. दूरध्वनी केंद्रापासून घर जितके लांब, तितका वेग कमी. हा निसर्गाचा नियम आहे, आणि घरातील कोणत्याही दुरुस्तीने तो बदलत नाही. पण अशा वेळी आकड्यांचा कागद हातात घेऊन केलेली तक्रार अधिक वजनदार ठरते, हाही लाभ थोडा नाही.

उपाय

उपाय साधा आहे. पहिल्या पेटीपाशीच एक स्प्लिटर बसवावा. या लहानशा डबीला तीन तोंडे असतात: एकात बाहेरची तार, दुसऱ्यातून मोडेम, तिसऱ्यातून फोन. घरातील सर्व वाढीव फोन, फॅक्स किंवा चोरसूचक घंटा असल्यास तीही, या तिसऱ्या तोंडाच्या पुढेच जोडावी. म्हणजे जलद कंपने घरभर भटकत नाहीत. ती थेट मोडेमकडे जातात. स्प्लिटर पहिल्या पेटीपाशी न बसवता माडीवर मोडेमजवळ बसविला आणि खालचे फोन त्याच्या आधीच जोडलेले राहिले, तर त्याचा उपयोग होत नाही. पुष्कळ घरांत नेमके हेच झालेले आढळते.

वापरात नसलेले फाटे पहिल्या पेटीशीच तोडून टाकावेत. पिळून पट्टी गुंडाळलेले सांधे उघडून पाहावेत. तांब्यावर हिरवट थर चढलेला असेल, तर ते टोक कापून नवा सांधा करावा आणि त्याला डाख द्यावा. म्हैसूरला मे महिन्यात वळवाचा आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस जोराचा असतो. पावसाळी दिवसांत फोनमध्ये खरखर वाढते आणि वेग घटतो, अशा घरी खिडकीबाहेरचा सांधा आधी तपासावा.

एक सूचना मात्र विसरू नये. टेलिफोनच्या तारेत सुमारे ४८ व्होल्टचा दाब असतो, आणि घंटी वाजताना तो ७५ व्होल्टच्या आसपास जातो. म्हणून हात कोरडे असावेत. आणि विजा चमकत असताना तारेला स्पर्शही करू नये. स्वतःच्या हाताचा भरवसा नसेल, तर जाणत्या वायरमनला बोलवावे; पण त्याला काय करावयाचे ते नीट समजावून सांगावे.

प्रकाशतंतू आला तरी

आता पुष्कळ घरी तांब्याच्या जागी प्रकाशतंतू आला आहे, आणि तेथे वरील अडचणी राहिलेल्या नाहीत. तरीही परीक्षेची रीत तीच. आधी भिंतीवरच्या यंत्राला संगणक तारेने थेट जोडून वेग मोजावा, मग घरातील इतर भाग. तंतूला तीव्र वळण देऊ नये, आणि त्यावर कपाट टेकवू नये. माडीवर संगणक न्यावयाचा झाल्यास जुनी टेलिफोनची तार उपयोगी पडणार नाही. त्यासाठी चार पिळलेल्या जोड्यांची ‘कॅट ५ ई’ तार ओढावी. ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला १,००० मेगाबिट वेग देते. चारही जोड्या मात्र नीट जोडलेल्या हव्यात. एक जरी तुटलेली असली, तरी वेग १०० वर येऊ शकतो.

२००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. २०२३ पासून ती मर्यादा २ मेगाबिट झाली आहे. मागणी अशी वाढतच जाणार. परंतु अधिक पैसे मोजून अधिक वेग विकत घेण्यापूर्वी, जो वेग आपल्या दारापर्यंत आलेला आहे तो घरात पुरता पोहोचतो की नाही, एवढे पाहणे हे शहाण्या गृहस्थाचे आणि गृहिणीचे काम आहे. येत्या रविवारी अर्धा तास काढावा आणि कागद-पेन्सिल घेऊन पहिल्या पेटीपासून सुरुवात करावी.