कोड पुसला, रोग गेला?

"लाइफटाइम चेन आहे साहेब, कधी हात लावायला नको!" गाडी घेताना ऐकलेलं वाक्य. लाइफटाइम कोणाचा, हे विचारायचं राहूनच गेलं.

मग सकाळी स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद खडखड. चेक इंजिनचा दिवा. वर्कशॉपने स्कॅनर लावला, पी००१६ आला, तो पुसला आणि बिल हातात दिलं. आठवड्यात दिवा परत! मग सेन्सर बदलला. तरी दिवा हजर.

अहो, पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाहीये. सेन्सर, वायरिंग बिघडू शकतं, मान्य; पण ते तपासून ठरवा ना! इथे सेन्सर खरं बोलत होता आणि आम्ही साक्षीदारालाच बडवला. चेन रबरासारखी ताणत नाही. तिच्या पिना आणि बुश झिजतात, म्हणून लांबी वाढते. तिला ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं किंवा कमी, की दोघांचे हाल. चेनने दात सोडले तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो.

उपाय? कव्हर उघडा. चेन, गाइड, टेन्शनर एकदमच बदला. खुणा जुळवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, खुणा पुन्हा बघा, मगच चावी.

लॉगमधली एरर पुसून बग क्लोज करणाऱ्याला आपण टीममध्ये ठेवू का? मग गाडीच्या बाबतीत त्यालाच पैसे का देतो?